क्षेत्रफळाला चिन्ह असतं: वेज गुणाकार आणि बहुसदिश

नवी मुंबईतल्या घणसोली, रबाळे, गोठिवली या पट्ट्यात प्लॉटची मोजणी पाहिली असेल तर तिवईवरचं टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र तुमच्या ओळखीचं असेल. मोजणीदार प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे टिपून घेतो: ठरलेल्या खुणेच्या दगडापासून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर. कोपरे संपले की मोजणी संपली. मग त्या आकड्यांवरून क्षेत्रफळ काढायचं. पाया नाही, उंची नाही, प्लॉटचे त्रिकोण पाडणं नाही. आकडे एकाखाली एक लिहायचे, तिरके गुणाकार करायचे, वजाबाकी करायची, सगळं मिळवून निम्मं करायचं. सिव्हिलच्या डिप्लोमाला असलेल्या प्रत्येकाने ही रीत केलेली असते. ती का चालते, हे मात्र फार थोड्यांना सांगितलेलं असतं.

एक काल्पनिक प्लॉट घेऊ. चार कोपरे: (१०, ५), (३०, १०), (२५, २५) आणि (१२, २०). पहिला आकडा पूर्वेचा, दुसरा उत्तरेचा. पहिल्या दोन कोपऱ्यांची जोडी घेऊन तिरका गुणाकार केला की १०×१० − ३०×५, म्हणजे −५०. पुढची जोडी ३०×२५ − २५×१०, म्हणजे ५००. तिसरी २५×२० − १२×२५, म्हणजे २००. आणि शेवटच्या कोपऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर येताना १२×५ − १०×२०, म्हणजे −१४०. बेरीज ५१०, निम्मे २५५. प्लॉट २५५ चौरस मीटरचा, गावच्या भाषेत साधारण अडीच गुंठ्यांचा.

ऐरोलीत माझ्याकडे गणिताला येणारा एक मुलगा दिवसा मोजणीच्या कामावर असतो. हे गणित पाहून त्याने सरळ विचारलं, "सर, उत्तर बरोबर आहे, पण त्यातले दोन आकडे उणे आलेत. जमीन उणे असते का?"

"असते," मी म्हटलं, "आणि ती उणे असते म्हणूनच तुझं उत्तर बरोबर येतं."

हा लेख म्हणजे त्याला दिलेल्या उत्तराचा विस्तार आहे. वरवर पाहता हा प्लॉट मोजण्याचा प्रश्न आहे. पण त्याच्या तळाशी जो एक नियम आहे, त्यातून निश्चयक निघतो, त्रिमितीतला क्रॉस गुणाकार निघतो, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकत्र का राहतात ते कळतं, आणि अणूतले इलेक्ट्रॉन एकावर एक का थर करून बसतात याचंही कारण मिळतं. बहुसदिश आणि बाह्य घात ही नावं पुस्तकात पहिल्यांदा वाचली की छाती दडपते. त्यांच्यामागची कल्पना मात्र मोजणीदाराच्या वहीत आधीच असते.

नियम एकच

सदिश म्हणजे लांबी आणि दिशा असलेला बाण. पूर्वेकडे एक मीटर जाणाऱ्या सदिशाला "पू" म्हणू आणि उत्तरेकडे एक मीटर जाणाऱ्याला "उ". मग दगडापासून ४ मीटर पूर्वेला आणि १ मीटर उत्तरेला असलेला सदिश झाला ४पू + उ. दोन सदिश एका बिंदूतून काढले की त्यांच्यामध्ये एक समांतरभुज चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या क्षेत्रफळाला आपण दोन सदिशांचा गुणाकार मानायचं ठरवू आणि तो अ∧ब असा लिहू. हा वेज गुणाकार.

याला गुणाकार म्हणायचं तर त्याने गुणाकारासारखं वागलं पाहिजे. अ दुप्पट केला तर क्षेत्रफळ दुप्पट व्हावं, ते होतंच. कंस सोडवता यावेत, म्हणजे अ∧(ब+क) हे अ∧ब + अ∧क इतकं असावं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यात सगळं आहे: अ∧अ = ०. एकाच सदिशाने क्षेत्रफळ होत नाही. दोन्ही बाजू एकाच रेषेवर असतील तर चौकोन मिटून जातो.

एवढंच गृहीत धरायचं. आता (अ+ब)∧(अ+ब) घ्या. हा सदिश स्वतःशीच गुणलेला आहे, म्हणून उत्तर शून्य. पण कंस सोडवला तर अ∧अ, अ∧ब, ब∧अ आणि ब∧ब असे चार तुकडे येतात. पहिला आणि शेवटचा शून्य. उरलेल्या दोघांची बेरीजही शून्यच असली पाहिजे. म्हणजे ब∧अ = −अ∧ब. क्रम उलटा केला की चिन्ह उलटतं. हे चिन्ह आपण बाहेरून आणून लावलं नाही. स्वतःशी गुणलं तर शून्य आणि कंस सोडवता येतो, या दोन गोष्टी मानल्या की ते आपोआप येतं आणि टाळता येत नाही.

चिन्हाचा अर्थही सरळ आहे. अ वरून ब कडे वळताना आपण कोणत्या बाजूने फिरतो ते चिन्ह सांगतं. देवळाला प्रदक्षिणा घालताना आपण घड्याळाच्या दिशेने जातो. गणिताचा संकेत त्याच्या उलट आहे: घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरलं तर अधिक, प्रदक्षिणेच्या दिशेने फिरलं तर उणे. पू वरून उ कडे वळणं हे घड्याळाच्या विरुद्ध, म्हणून पू∧उ हे अधिक एक चौरस मीटर, आणि उ∧पू हे उणे एक.

आता ४पू + उ आणि २पू + ३उ यांचा वेज गुणाकार करून पाहा. चार तुकडे येतात: ८ पू∧पू, १२ पू∧उ, २ उ∧पू, ३ उ∧उ. पहिला आणि शेवटचा मेले. मधल्या दोघांतला दुसरा उलटवला की −२ पू∧उ. एकूण १० पू∧उ. तिरका गुणाकार, मग वजाबाकी: ४×३ − २×१. मोजणीदाराची रीत हीच, आणि दहावीत क्रेमरच्या पद्धतीसाठी शिकवलेला दोन ओळींचा निश्चयकही हाच. दहावीत तो चौकटीत लिहून पाठ करायला लावतात. त्यातली वजाबाकी कुठून आली हे विचारण्याची सोय त्यात नसते. माझं स्पष्ट मत आहे की आधी अ∧अ = ० शिकवावं आणि मग निश्चयक मुलांना स्वतः सापडू द्यावा. पंधरा वर्षांच्या मुलाला कंस सोडवता येतो, आणि लागतं तेवढंच.

उणे जमिनीचं काय झालं

परत त्या प्लॉटकडे जाऊ. दगड प्लॉटच्या बाहेर आहे, नैर्ऋत्येला. दगडापासून एकेका बाजूच्या दोन टोकांपर्यंत रेषा ओढल्या की एक त्रिकोण होतो. त्याचं क्षेत्रफळ त्या जोडीच्या वेज गुणाकाराच्या निम्मं. दगडापासून लांब असलेल्या दोन बाजू, पूर्वेची आणि उत्तरेची, यांचे त्रिकोण मोठे असतात. त्यांत प्लॉट येतोच, शिवाय दगड आणि प्लॉट यांच्यामधली आपल्या मालकीची नसलेली जमीनही येते. प्लॉटभोवती एकाच दिशेने फिरत गेलो तर दगडाकडे तोंड करून असलेल्या दोन बाजूंवरून जाताना दगडावरून पाहणाऱ्याला आपण उलट दिशेने जाताना दिसतो. म्हणून त्यांचे त्रिकोण उणे येतात, आणि हे उणे त्रिकोण म्हणजे तंतोतंत तीच मधली परकी जमीन. −५० आणि −१४० यांनी ती वजा करून टाकली.

चिन्ह पुसून सगळे आकडे अधिक केले असते तर बेरीज ८९० आली असती आणि निम्मे ४४५. शेजाऱ्याची जमीन आपल्या नावावर, तीही दोनदा मोजून.

यातून आणखी एक गोष्ट सुटते. खुणेचा दगड कुठेही असला तरी क्षेत्रफळ तेच यायला हवं. तसं येतंच, पण का? दगड हलवला म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या सदिशात एकच सदिश मिळवला, त्याला "स" म्हणू. प्रत्येक जोडीतून दोन जास्तीचे तुकडे निघतात, एक स∧(पुढचा कोपरा) आणि एक (मागचा कोपरा)∧स. पूर्ण फेरी झाली की प्रत्येक कोपरा एकदा पुढचा म्हणून आणि एकदा मागचा म्हणून आलेला असतो. क्रम उलटा, चिन्ह उलटं, दोन्ही तुकडे एकमेकांना मारतात. दगडाचं नामोनिशाण उरत नाही. अख्खी सिद्धता चार ओळींत बसते आणि तिच्यात भूमितीचं एकही चित्र काढावं लागत नाही.

तिरपं क्षेत्रफळ

सपाट जमिनीवर सगळ्या चौकोनांचं प्रतल एकच असतं, म्हणून तिथे क्षेत्रफळ म्हणजे चिन्हासकट एक आकडा. गंमत सुरू होते ती प्रतल तिरपं झाल्यावर.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरचा सोलर पॅनल घ्या. लांबी पूर्व-पश्चिम २ मीटर, रुंदी १.३ मीटर, तोंड दक्षिणेकडे, म्हणजे उत्तरेची कड उचललेली. वर जाणाऱ्या एक मीटरच्या सदिशाला "व" म्हणू. पॅनलची लांबी २पू आहे. रुंदी १.२उ + ०.५व अशी धरू, म्हणजे कल बावीस-तेवीस अंशांचा. गुणाकार केला की २.४ पू∧उ + १.० पू∧व. हे उत्तर एक आकडा नाही, एक सदिशही नाही. हा द्विसदिश: एक क्षेत्रफळ, जे कुठल्या प्रतलात आहे आणि कुठल्या बाजूने फिरतं हेही सोबत घेऊन येतं.

त्या दोन आकड्यांना प्रत्यक्ष अर्थ आहे. ठाण्याचे अक्षांश १९ अंशांच्या थोडे पुढे, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळा तो साजरा करतात. जुलैतला बहुतेक ढगांत जातो, पण मेमधला दिसतो. त्या क्षणी गच्चीच्या फरशीवर पॅनलची सावली बरोबर २.४ चौरस मीटर पडेल. हा पू∧उ चा आकडा. प्रकाश दक्षिणेकडून आडवा आला असता तर मागच्या उभ्या भिंतीवर १ चौरस मीटर सावली पडली असती. हा पू∧व चा. उ∧व चा आकडा शून्य आहे, कारण बरोबर पूर्वेकडून आडवा प्रकाश आला तर पॅनलची फक्त कड दिसते.

आता २.४ चा वर्ग ५.७६, १ चा वर्ग १, बेरीज ६.७६. तिचं वर्गमूळ २.६, आणि पॅनलचं खरं क्षेत्रफळ २ × १.३ = २.६. तीन भिंतींवरच्या सावल्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मूळ क्षेत्रफळाचा वर्ग. पायथागोरसचा सिद्धांत लांबीला लागतो तसा क्षेत्रफळालाही लागतो. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

द्विसदिशाला आकार मात्र नसतो. पॅनल गोल असता, त्याचं क्षेत्रफळ तेवढंच आणि कल तोच असता, तर द्विसदिश तोच राहिला असता. गणितात हे असं दिसतं: अ∧(ब+५अ) सोडवलं की अ∧ब च उरतं, कारण ५ अ∧अ शून्य आहे. एक बाजू तिरकी सरकवली, चौकोन लांबोळा झाला, क्षेत्रफळ आणि प्रतल तसंच राहिलं. म्हणून अ आणि ब द्विसदिशात गेल्यावर परत वेगळे काढता येत नाहीत. त्यांनी मिळून जे प्रतल व्यापलं आणि जेवढं व्यापलं, तेवढंच तिथे शिल्लक राहतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना इथे क्रॉस गुणाकार आठवतो (ज्याचं उत्तर दोन्ही सदिशांना लंब असलेला तिसरा सदिश असतं), आणि तो आठवायलाच हवा. त्रिमितीत पू, उ, व यांच्यातून दोन-दोन निवडण्याचे तीन मार्ग आहेत, म्हणून द्विसदिशाला तीन आकडे लागतात. सदिशालाही तीनच लागतात. प्रत्येक प्रतलाला लंब असलेली एकच दिशा असते. म्हणून प्रतलाऐवजी त्याचा लंब लिहून काम भागवता येतं आणि उजव्या हाताचा नियम लावून चिन्ह ठरवता येतं. पण हा निव्वळ तीन या आकड्याचा योगायोग आहे. द्विमितीत दोन निवडण्याचा मार्ग एकच, चतुर्मितीत सहा. चतुर्मितीत एका प्रतलाला लंब असलेलं आणखी एक अख्खं प्रतल असतं, तिथे "लंब दिशा" कोणती म्हणणार? क्रॉस गुणाकार तिथे कोलमडतो. वेज गुणाकाराला काहीच फरक पडत नाही.

वरच्या पायऱ्या

दोन सदिशांनी क्षेत्रफळ, तर तीन सदिशांनी घनफळ: अ∧ब∧क. याला त्रिसदिश म्हणू. त्रिमितीत प्रत्येक सदिशाचे तीन घटक, म्हणून कंस सोडवले की २७ तुकडे येतात. त्यांतल्या ज्यांच्यात पू, उ, व यांपैकी एखादा दोनदा आला ते २१ मरतात. उरतात ६. त्यांना पू∧उ∧व या क्रमात लावताना जेवढ्या अदलाबदली कराव्या लागतात, तेवढ्या वेळा चिन्ह बदलतं. तीन ओळींच्या निश्चयकातली ती सहा पदं, तीन अधिक आणि तीन उणे, ती हीच. चार सदिशांना २५६ तुकडे, त्यांतले २४ जगतात. निश्चयकाची व्याख्या म्हणून छापलेलं ते भीतीदायक सूत्र लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

अ∧ब∧क शून्य आला तर तीनही सदिश एका प्रतलात आहेत, म्हणजे त्यांतला एक उरलेल्या दोघांतून बनवता येतो. किती सदिश खरोखर स्वतंत्र आहेत हे तपासायची ही सर्वांत सरळ कसोटी आहे.

न मितींच्या जागेत क सदिशांच्या (न आणि क हे इथे आकडे) वेज गुणाकारांतून आणि त्यांच्या बेरजांतून जी नवी जागा तयार होते, तिला मूळ जागेची क-वी बाह्य घात म्हणतात. तिच्या घटकांना बहुसदिश. तिची मिती किती? न दिशांमधून क निवडण्याचे जितके मार्ग तितकी, कारण एक दिशा दोनदा वापरता येत नाही आणि क्रम बदलला तर फक्त चिन्ह बदलतं. त्रिमितीसाठी १, ३, ३, १. चतुर्मितीसाठी १, ४, ६, ४, १. पिंगलाच्या छंदशास्त्रावर लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात मांडलेल्या मेरुप्रस्ताराच्या या ओळी आहेत. चतुर्मितीत पाचवी बाह्य घात शून्य असते. चार दिशांतून पाच वेगवेगळ्या निवडायच्या कशा?

सर्वांत वरच्या पायरीवर नेहमी १ असतो. याचा एक परिणाम मला फार सुंदर वाटतो. एखादं रेषीय रूपांतर, म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवणारं, सगळी त्रिमिती ताणतं, फिरवतं, तिरपी करतं. त्रिसदिशांच्या जागेला मात्र एकच मिती आहे, म्हणून तिथे ते रूपांतर एका आकड्याने गुणण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. तो आकडा म्हणजे त्या रूपांतराचा निश्चयक: घनफळ किती पटीने वाढलं, आणि जागा आरशातल्यासारखी उलटली का. मग एकापाठोपाठ एक दोन रूपांतरं केली तर निश्चयकांचा गुणाकार होतो, हे सिद्ध करायला काही उरतच नाही. आधी एका आकड्याने गुणलं, मग दुसऱ्याने. बीएस्सीच्या वर्गात याच विधानासाठी दोन पानं खर्ची पडतात.

चतुर्मितीत एक नवी अडचण येते आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. प्रत्येक द्विसदिश दोन सदिशांचा गुणाकार असतो का? त्रिमितीत असतो. आरंभबिंदूतून जाणारी दोन प्रतलं तिथे एका रेषेत छेदतातच. त्या रेषेवरचा सदिश अ घेतला तर दोन द्विसदिश अ∧ब आणि अ∧क असे लिहिता येतात आणि त्यांची बेरीज अ∧(ब+क) होते, पुन्हा एकच प्रतल. चतुर्मितीत दोन प्रतलं फक्त एका बिंदूत भेटू शकतात. चौथ्या दिशेला "का" म्हटलं, तर पू∧उ + व∧का यात सामाईक रेषाच नाही. हा द्विसदिश कुठल्याही एका प्रतलाचा नाही.

हे ओळखायचं कसं? द्विसदिशाला स्वतःशीच वेज गुणाकार करा. अ∧ब∧अ∧ब शून्यच असणार, कारण अ दोनदा आला. पण पू∧उ + व∧का स्वतःशी गुणला तर २ पू∧उ∧व∧का येतं, शून्य नाही. म्हणजे तो साधा गुणाकार असूच शकत नाही. सहा आकड्यांमधल्या या अटीला प्लुकरची अट म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन भूमितिकार युलिउस प्लुकरच्या नावावरून.

ही कसोटी कागदावरची कसरत नाही. अवकाशाच्या तीन मिती आणि काळाची एक, अशा चतुर्मितीत विद्युतचुंबकीय क्षेत्र हे एक द्विसदिशच आहे. त्याचे सहा आकडे म्हणजे विद्युत क्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन. शाळेत ही दोन वेगळी क्षेत्रं वाटतात. खरं तर ते एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या प्रतलांवरच्या सावल्या आहेत, म्हणून वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला एकातला थोडा भाग दुसऱ्यात गेलेला दिसतो. आणि हा द्विसदिश स्वतःशी गुणला की शून्य येतो तो नेमका तेव्हा, जेव्हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना लंब असतात. मोकळ्या अवकाशातून येणाऱ्या सरळ प्रकाशलहरीत ती तशीच असतात.

हे सुचलं कोणाला

हेरमान ग्रासमानला. जन्म १८०९, प्रशियातल्या श्टेटीन शहरात, जे आज पोलंडमध्ये श्चेचिन म्हणून आहे. आयुष्यभर शाळामास्तर. १८४४ मध्ये त्याने या सगळ्या विचारांचं पुस्तक छापलं आणि ते जवळजवळ कोणीच वाचलं नाही. त्यात तत्त्वज्ञान फार होतं, नेहमीची सूत्रं कमी. विद्यापीठात जागा मिळावी म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला, तेव्हा कुमर या मोठ्या गणितज्ञाने प्रतिकूल अभिप्राय दिला. मजकूर चांगला, मांडणी सदोष, असा त्याचा सूर होता. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती प्रकाशकाने पुढे रद्दीत घातल्या. १८६२ मध्ये ग्रासमानने ते नव्याने लिहून काढलं. तेही पडून राहिलं.

मग तो संस्कृतकडे वळला. ऋग्वेदाचा कोश केला, संपूर्ण ऋग्वेदाचा जर्मन अनुवाद केला. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांनी भू चं बभूव होतं, भभूव नाही, आणि धा चं दधाति होतं, धधाति नाही, हे पाहिलेलं असतं. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण (भ, ध असे उच्चार) आले तर पहिल्याचा अल्पप्राण (ब, द) होतो. ग्रीक आणि संस्कृत दोन्हींत दिसणाऱ्या या बदलाचं जे स्पष्टीकरण त्याने १८६३ मध्ये छापलं, ते भाषाशास्त्रात आजही ग्रासमानचा नियम म्हणून शिकवतात. भाषेच्या अभ्यासकांनी त्याचा मान ओळखला. तो १८७७ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी इंग्रज गणितज्ञ क्लिफर्डने त्याच्या गुणाकाराला लांबीच्या मापाची जोड देऊन नवं बीजगणित मांडलं, १८८८ मध्ये इटलीच्या पेआनोने त्याचे विचार सुगम करून लिहिले, आणि शतक संपता संपता फ्रान्सच्या एली कार्टानने ते कलनशास्त्रात नेले. आज पदव्युत्तर गणितात ज्या भाषेत वक्रपृष्ठांवरची संकलनं लिहितात, ती त्या शाळामास्तराची भाषा आहे.

इलेक्ट्रॉन

अ∧अ = ० या नियमाचं सर्वांत ठोस रूप जमिनीत नाही, अणूत आहे. इलेक्ट्रॉनची प्रत्येक शक्य अवस्था हा एक सदिश असतो. दोन इलेक्ट्रॉनांची मिळून अवस्था लिहायची तर त्यांची अदलाबदल केल्यावर चिन्ह उलटलं पाहिजे, असं निसर्गाचं वागणं आहे. म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची अवस्था दुसऱ्या बाह्य घातीत राहते, तिघांची तिसऱ्या. (प्रकाशाच्या कणांचं तसं नाही. अदलाबदल केल्यावर त्यांचं चिन्ह बदलत नाही, आणि त्या कुळाला सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव आहे.) दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसवायचे म्हटले तर अ∧अ, म्हणजे शून्य, म्हणजे अशी अवस्थाच नाही. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९२५ मध्ये मांडलेला अपवर्जन नियम तो हाच. १९२९ मध्ये जॉन स्लेटरने अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूंचं गणित निश्चयकाच्या रूपात लिहिलं, आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते आजही तसंच शिकतात.

आता अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेचा विचार करा. तिथे अवस्था दोनच आहेत, स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण) वर आणि स्पिन खाली. म्हणजे ती द्विमितीची जागा. हायड्रोजनचा एक इलेक्ट्रॉन तिथे बसतो. हेलियमचे दोन बसतात, आणि दुसऱ्या बाह्य घातीला एकच मिती असल्यामुळे ते एकाच प्रकारे बसू शकतात. लिथियमला तीन इलेक्ट्रॉन आहेत. द्विमितीच्या जागेची तिसरी बाह्य घात शून्य, म्हणून तिसऱ्याला तिथे जागाच नाही. तो पुढच्या कक्षेत जातो, केंद्रापासून लांब, आतल्या दोघांच्या आडोशामुळे सैल धरलेला. लिथियम तो सहज सोडून देतं आणि आयन बनतं. बॅटरी बनवणाऱ्यांना लिथियम हवंसं वाटण्याची इतर कारणंही आहेत, ते हलकं आहे हे त्यांतलं एक. पण तो इलेक्ट्रॉन आत मावला असता तर हेलियमसारखंच लिथियमही कोणाशी देवघेव न करता बसून राहिलं असतं.